मुठीतली घंटा

हिवरदऱ्याच्या पश्चिमेला दीड कोस चढून गेले की कड्याच्या अलीकडे एक माळ लागतो. माळाच्या मध्यावर कमरेइतका उंच, गुळगुळीत धोंडा आहे. गुरे त्याला अंग घासतात म्हणून त्याला खाजवणीचा धोंडा म्हणतात. धोंड्याभोवती एक गोल वाट आहे. चारही बाजूंना पोटरीएवढे गवत माजलेले असते, पण त्या वाटेवर काडी उगवत नाही. येणारा प्रत्येक पाहुणा वाटेत उभा राहून फोटो काढतो आणि विचारतो, इथे घाणा होता का? घाणा नव्हता. दीड कोस चढून तेल गाळायला कोण येणार?

दुसरे एक नवल पाहुण्यांना गावात उतरल्यावर दिसते. सगळ्या मुलखात घंटा गाईच्या गळ्यात असते. हिवरदऱ्यात ती गुराख्याच्या गळ्यात असते आणि गाईंचे गळे मोकळे. दिवेलागणीच्या आधी कळप शिवेवर येतो, तेव्हा गावातली एखादी वयस्क बाई पुढे होऊन ती घंटा मुठीत धरते. मग गुराखी तिला एक प्रश्न विचारतो आणि ती एकच उत्तर देते. त्या प्रश्नोत्तराची आणि माळावरच्या वाटेची गोष्ट एकच आहे. ती जशी सांगत आले तशीच सांगायची, कारण तिच्यात शहाणा कोण आणि वेडा कोण, हे अजून गावालाही नीट ठरवता आलेले नाही.

असे सांगतात की त्या काळी हा माळ दोन राज्यांच्या शिवेवर होता. कड्याखाली एकाचा अंमल, कड्यावर दुसऱ्याचा. सारा घ्यायचा झाला की दोघेही म्हणत, माळ आमचा. कुणी लुटला, मारला की दोघेही म्हणत, माळ त्यांचा. अशा मुलखात गुरे चारणे म्हणजे उघड्यावर लोणी ठेवण्यासारखे होते.

पण गावापुढे इलाज नव्हता. लागोपाठ दोन वर्षे देशावर पाऊस रुसला. विहिरी आटल्या, कडबा संपला, लोकांनी घरावरचे गवत काढून गुरांपुढे टाकले. गुरे बसली की उठेनात. हिरवे उरले होते ते फक्त कड्याच्या माथ्यावर, कारण तिथे पाऊस नसला तरी धुई, म्हणजे दाट धुके, असते आणि धुईवरही गवत तग धरते. तेव्हा गावाने ठरवले की सगळी मिळून दीडशेवर गुरे माळावर न्यायची आणि पाऊस येईपर्यंत तिथेच ठेवायची. न्यायची कुणी, हा प्रश्न नव्हता. सटवा खिलारी गावचा गुराखी होता.

सटवा तेव्हा तिशीचा असेल. मागे पुढे कुणी नाही, शेत नाही, दावणीला स्वतःचे वासरूसुद्धा नाही. दर घरटी एक भाकरी आणि सुगीला पायलीभर धान्य, एवढ्यावर त्याचे चालत असे. बोलायला तो जरा मंद होता. कुणी काही विचारले की आधी आभाळाकडे बघायचा, मग पायाकडे, आणि तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा. गुरांशी मात्र त्याची जीभ सैल सुटे.

कळपाच्या पुढे चालायची ती पवळी. तांबूस अंगाची, शिंगे आत वळलेली गाय. ती ठकूबाईची. ठकूबाई एकटी बाई होती, आणि पवळीचे दूधताक हाच तिचा संसार. पवळीच्या गळ्यात काशाची घंटा होती, ठकूबाईच्या सासऱ्याच्या वेळची. त्या घंटेच्या आवाजावर गावची गुरे जन्मली आणि वाढली होती. घंटा चालू लागली की गुरे चालत, घंटा एका जागी राहिली की पांगून चरत, घंटा बसली की बसत.

निघताना शिवेवर सगळे गाव जमले. रायभान पाटील म्हणाला, "सटव्या, आमी गुरं देत न्हाई, गाव देतोय तुज्या हाती."

सटवाने आभाळाकडे पाहिले, पायाकडे पाहिले. मग पवळीच्या गळ्यातल्या घंटेवर हात ठेवून म्हणाला, "या घंटंमागं जी गुरं जात्यात, ती घंटंमागंच परत येतील. समदी."

ठकूबाईने पवळीच्या कपाळावरून हात फिरवला. "माजी एकच हाय, बाबा," एवढेच ती बोलली.

माळावर सटवाने अडीच महिने काढले. डोक्यावर छप्पर म्हणजे घोंगडी. धुईने ती सुकायची नाही, म्हणून ओलीच पांघरायची. दर आठ दिवसांनी गावातून कुणीतरी पाळीपाळीने शिधा घेऊन येई, तो पाच दिवस पुरे. उरलेले तीन दिवस तो करवंदाच्या जाळीवर आणि पवळीच्या चार धारांवर भागवायचा. पायाला चिखल्या झाल्या, अंगात बारीक ताप राहू लागला. पण गुरे भरली. बरगड्या झाकल्या गेल्या, कातडीवर चकाकी आली. शिधा घेऊन येणारा गावात जाऊन सांगे, गुरं ओळखू येत नाहीत. सटवाही ओळखू येत नाही, हे सांगायचे राहून जाई.

आणि मग ती धुई आली. एरवीची धुई सकाळी येते आणि उन्हाबरोबर उठते. ही उठेना. हात लांब केला तर बोटे दिसत नव्हती, असे सांगतात. गुरे खळग्यात रवंथ करत बसली होती. सटवा झऱ्यावर पाणी भरायला गेला. झरा कड्याच्या चोरवाटेच्या तोंडाशी आहे. तिथे त्याला खालून माणसांचे बोलणे ऐकू आले. दहा-अकरा जण तरी असावेत. गुरे हाकून नेणारी टोळी चोरवाटेने वर येत होती.

"दिसत तर कायबी न्हाई," एक जण म्हणाला.

"दिसाया कशाला पायजे?" दुसरा म्हणाला. "घंटा ऐका. घंटा जितं, गुरं तितं."

सटवा तसाच मागे फिरला. काठी आपटत, ठेचा खात खळग्यात आला. एकटा माणूस अकरा जणांशी लढणार कसा? आणि दीडशे गुरे या धुईत हाकणार तरी कुठे? माळाच्या तीन बाजूंना कडा आहे. तो विचार करू लागला, आणि विचार करणे हे काही त्याचे रोजचे काम नव्हते. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. चोर घंटेमागे येणार ना? मग घंटाच दुसरीकडे न्यायची. गुरे इथेच गप्प बसतील आणि चोर लागतील आपल्या मागे.

त्याने पवळीच्या गळ्यातून घंटा सोडली. पवळी बसली की कळप बसतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून ती उठू नये यासाठी त्याने तिला डोक्याच्या मुंडाशाने हिरड्याच्या खोडाला बांधली, दुहेरी गाठ मारून. काठीने वाट चाचपायची म्हणून हात मोकळा हवा होता, तेव्हा घंटा स्वतःच्या गळ्यात अडकवली. आणि तो धुईत चालू लागला, ठण ठण करीत.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असे. पवळीच्या उभ्या जन्मात सटवाने ती आणि घंटा कधी वेगळी पाहिलीच नव्हती. गुरे पवळीमागे जातात असे तो समजत होता. गुरे घंटेमागे जात होती.

थोडे चालल्यावर मागे पावले वाजू लागली. लागले मागे, असे म्हणून तो खूश झाला आणि घाबरलाही. त्याने पाय उचलला. मागची पावलेही वाढली. पण माणसांची पावले इतकी कशी? आणि अशी जड कशी? तो गोंधळला. कान देऊन ऐकावे तर गळ्यातली घंटाच सगळे ऐकू येणे बंद करी. थांबावे तर चोर गाठतील. इतक्यात त्याच्या मानेवर ऊन श्वास आला आणि ओले नाक पाठीला लागले.

दीडशेवर गुरे त्याच्यामागे ओळीने चालत आली होती. ज्यांना लपवायचे, त्यांचीच वरात घेऊन तो निघाला होता.

"पवळे?" त्याने हाक मारली. नाक पुन्हा पाठीला लागले. पवळी कशी असेल? तिला तर बांधली. की बांधली नाही? गाठ मारल्याचे बोटांना आठवत होते, डोक्याला आठवत नव्हते. ताप चढला होता. परत जाऊन बघावे म्हटले तर खळगा कोणत्या अंगाला राहिला हेच कळेना. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये काहीच दिसत नाही.

तेव्हा त्याने गावाकडे, म्हणजे उगवतीला जायचे ठरवले. धुईत उगवत कुठली आणि मावळत कुठली? वाऱ्यावरून काढावी तर वारा पडलेला. तरी तो अंदाजाने चालला. बऱ्याच वेळाने त्याचा हात गार, गुळगुळीत दगडाला लागला. खाजवणीचा धोंडा. चला, अर्धा माळ संपला, असे म्हणून त्याला बरे वाटले. पुन्हा बराच वेळ चालला. पुन्हा हात गुळगुळीत दगडाला लागला. एका माळावर असे दोन धोंडे नाहीत. तिसऱ्यांदा हात लागला तेव्हा तो तिथेच रडला, असे सांगतात.

पण रडता रडता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. पुढे सरळ गेले तर कडा कुठे आहे ठाऊक नाही, आणि आपण पडलो तर घंटेमागे सगळे गाव पडेल. थांबले तर गुरे पांगतील आणि धुईत एकेक करून कड्यावरून जातील. या पांढऱ्या अंधारात एवढी एकच जागा त्याला ओळखीची होती, तो धोंडा. मग तो धोंड्याला उजव्या हाताने चाचपत त्याच्याभोवतीच फिरू लागला. काही जण म्हणतात, हे त्याने समजून केले. काही म्हणतात, कसले समजून, वाट चुकलेला माणूस गोलच फिरतो. कळप मोठा, त्यामुळे हळूहळू रिंगणही मोठे होत गेले; धोंडा हातून सुटला तरी पाय त्याच फेऱ्यात राहिले. पुढची गाय शेवटच्या गाईच्या शेपटीला येऊन मिळाली. जाता जाता गुरे खालचे गवत ओरबाडत आणि पुन्हा चालत.

असा तो दोन दिवस आणि मधली रात्र फिरला. तीन दिवस म्हणणारेही आहेत, पण आम्ही दोनच धरतो. सटवा चालला असता तीन दिवस, गाय चालत नाही.

चोरांची गत त्याहून न्यारी झाली. घंटा त्यांना आधी डावीकडून ऐकू येई, मग समोरून, मग उजवीकडून, मग पाठीमागून. खुरांचा आवाज तर चहूबाजूंनी. माळावर एक घंटा नाही, चार कळप आणि चार गुराखी आहेत, असे त्यांना वाटले. दोघे एकमेकांनाच गुराखी समजून भिडले आणि एकाचा दात पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाद सोडला आणि चोरवाटेकडे चाचपडत निघाले. वाटेत खळगा लागला. खळग्यात हिरड्याला बांधलेली, हंबरून घसा बसलेली एक गाय होती. तीच घेऊन ते खाली उतरले. अकरा माणसे आणि एक गाय. त्यांच्यातल्या एकाने पुढे कधीतरी बाजारात हे स्वतःच सांगितले म्हणे, म्हणून आपल्याला कळले.

त्या आठवड्यात शिध्याची पाळी ठकूबाईची होती. घरात दुसरे कुणी नाही, म्हणून म्हातारी स्वतःच माळ चढली. सोबतीला रायभान पाटील आणि दोघेतिघे आले. ते माथ्यावर पोचले आणि धुई उठली. समोर पाहतात तो दीडशे गुरे गोल फिरताहेत. मध्ये धोंडा, आणि सगळ्यांच्या पुढे गळ्यात घंटा घातलेला सटवा. डोक्याला मुंडासे नाही, पाय रक्ताळलेले, डोळे उघडे पण कुणाला ओळखत नव्हते.

"सटव्या, थांब!" पाटील ओरडला. सटवा थांबला नाही. एकाने त्याचा दंड धरला, तो झटकून तो चालतच राहिला. गुरेही थांबेनात.

ठकूबाई मात्र गुरांकडे बघत होती. पुढून मागे, मागून पुढे, तिने दोनदा पाहिले. तांबूस अंग आणि आत वळलेली शिंगे तिला कुठे दिसली नाहीत. सटवाच्या गळ्यातली घंटा तिने ओळखली. ती कुणाच्या गळ्यात असायला हवी होती, हेही तिला ठाऊक होते. ती रिंगणात शिरली, सटवाच्या समोर आली आणि तिने ती घंटा मुठीत घट्ट धरली.

आवाज बंद झाला. सटवा थांबला. त्याच्यामागे गुरे एकेक करून थांबली.

"मावशे," सटवा म्हणाला, "समदी आली का?"

पाटलाने बोलायला तोंड उघडले. ठकूबाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की ते तोंड तसेच मिटले.

"समदी आली, बाबा," ठकूबाई म्हणाली.

मग सटवा धोंड्याला टेकून खाली बसला आणि झोपला. त्याला डोलीत घालून गावात आणला. महिनाभराने तो उठला, पण गळ्यातली घंटा काढू देईना. पाऊस पडला, माळ सुटला, गुरे गावाच्या रानात चरू लागली, तरी घंटा त्याच्याच गळ्यात. रोज संध्याकाळी तो कळप घेऊन शिवेवर यायचा आणि उभा राहायचा. ठकूबाई पुढे होऊन घंटा मुठीत धरायची. तो विचारायचा, "समदी आली का?" ती म्हणायची, "समदी आली." मगच गुरे घरोघर जात.

गावाने एकमेकांना ताकीद देऊन ठेवली होती. सटवापुढे पवळीचे नाव काढायचे नाही, बिचाऱ्याचे डोके धुईतच राहिले आहे. पोरासोरांनासुद्धा तंबी होती. लोक ठकूबाईला वासरू द्यायला गेले, तर ती म्हणाली, माझी गाय आहे, मला दुसरी कशाला? लोकांना वाटले, म्हातारी सटवासाठी सोंग वठवते आहे. ठकूबाईच्या दारात रोज सकाळी एक भाकरी असायची. ती सटवा त्याच्या वाट्याच्या भाकरीतून ठेवत असे. ज्याला पवळी घरी आली असे वाटते, त्याने दूध असणाऱ्या घराच्या दारात भाकरी का ठेवावी, हे नऊ वर्षांत एकाही शहाण्याच्या डोक्यात आले नाही.

नऊ वर्षांनी ठकूबाई वारली. त्या संध्याकाळी सटवा कळप घेऊन शिवेवर आला आणि उभा राहिला. कुणी पुढे होईना. मग पाटील गेला, पण त्याचा हात घंटेकडे जाताच सटवा मागे सरकला. शेवटी पाटलाची सून बायजा पुढे झाली. तिने घंटा मुठीत धरली.

"समदी आली का?" सटवाने विचारले.

बायजाने सासऱ्याकडे पाहिले. सासऱ्याने मान हलवली. "समदी आली, सटवादादा," ती म्हणाली.

सटवाने आभाळाकडे पाहिले, पायाकडे पाहिले. "पवळी न्हाई आली, बाय," तो म्हणाला. "म्या तिला हिरड्याला बांदली. ती गाठ अजून माज्या बोटांत हाय. ताप उतरला त्या दिशीच समजलं मला."

बायजाने विचारले, "मग रोज कशापाय इचारत हुता?"

"म्या इचारलं की म्हातारी 'आली' म्हनायची," सटवा म्हणाला. "आन् तेवडं म्हनताना तिचं त्वांड उजळायचं. रोज एकडाव तिची पवळी घरला यायची. दुसरं काय देनार हुतो म्या तिला?"

पाटील शिवेवरच्या दगडावर बसला. आपण सगळे गाव मिळून एका वेड्याची समजूत घालतो आहोत, अशा समजुतीत त्याने नऊ वर्षे काढली होती. म्हातारी सटवाला सांभाळत होती की सटवा म्हातारीला? तिला तरी ठाऊक होते का, की त्याला ठाऊक आहे? विचारायला ती आता नव्हती. पाटील त्या रात्री जेवला नाही आणि मरेपर्यंत हा गुंता त्याला सुटला नाही, असे सांगतात. आम्हालाही तो सुटलेला नाही.

सटवा पुढे अकरा वर्षे जगला. बायजा घंटा धरत राहिली आणि तो विचारत राहिला. तेव्हा कुणासाठी, हे मात्र कुणी विचारले नाही.

आजही खाजवणीच्या धोंड्याभोवतीच्या वाटेवर गवत येत नाही. आजही हिवरदऱ्याच्या गाईच्या गळ्यात कुणी घंटा बांधत नाही, ती आताचा गुराखी लहानू खिलारी याच्या गळ्यात असते. संध्याकाळी गजराबाई शिवेवर येतात आणि घंटा मुठीत धरतात. कुणाची गाय रानात वाघराने धरली असो, कुणाचे वासरू दरीत गेले असो, त्या वेळी उत्तर एकच. ज्याचे जनावर गेले, तो तिथेच उभा राहून ते ऐकतो. काय घडले ते लहानू त्याला सकाळी घरी जाऊन सांगतो. रात्रभर तरी गोठा भरलेला राहतो.

तुम्ही आज थांबणारच आहात, तर अवश्य बघा. फक्त मध्ये बोलू नका. गेल्या साली एका पाहुण्याने मोठ्या हौसेने गुरे जाताना आणि येताना मोजली, आणि गजराबाईंनी उत्तर दिल्याबरोबर म्हणाला, "आजी, एक कमी आहे." गजराबाईंनी घंटा सोडली नाही. त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "ठावं हाय, बाबा. माजीच हाय."